दुकान वाढवलं त्याची गोष्ट

भिंतीतून करवत बाहेर येताना पाहिलीय कधी कुणी? मी पाहिलीय, लहरीपुऱ्याच्या बाजारात, कासाराच्या दुकानात. मावशी बांगड्या भरून घेत होती आणि तिच्या कानाशेजारी लाकडी भिंतीच्या फळीतून करवतीचे दात आत आले. ती अशी दचकली की बांगड्यांचा हात कासाराच्या पेटीवर आपटला. मग फळीच निघाली आणि पलीकडे दिसला आमचा दत्तू.

दत्तू साताऱ्याचा. इथल्या हुन्नरशाळेत सुतारकामात पहिला आला आणि त्याच आठवड्यात शेजारच्या कपाटं विकणाऱ्या शेठकडे कामाला लागला होता.

"अरे, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"शेठजी हवेलीत, म्हणजे त्यांच्या देवळात, दर्शनाला गेलेत. जाताना म्हणाले, दिवेलागणीला दुकान वाढवून टाक. रस्त्याकडे जागा नाही, म्हणून इकडून वाढवतोय."

तेवढ्यात शेठ आले. भिंतीकडे बघत प्रसादाच्या द्रोणासकट मटकन खाली बसले.

"दत्तूभाई," ते म्हणाले, "वाढव म्हणजे बंद कर. धंद्यात बंद हा शब्द तोंडातून काढायचा नाही, अपशकुन होतो."

"शाळेत हे शिकवलं नाही," दत्तू पुटपुटला. मग त्याचं लक्ष पांढऱ्याफटक पडलेल्या मावशीकडे गेलं. "मावशी, बांगड्या फुटल्या का हो?"

मावशीला तेव्हा कुठे वाचा फुटली.

"फुटल्या काय म्हणतोस मेल्या, वाढल्या म्हण."