सर्व माहिती खाली दिली आहे

(बुधवार पेठेत लोकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीचं ऑफिस. मालक श्रीनिवास फोनवर. पलीकडे तनया, त्यांनीच कामावरून काढलेली इंजिनिअर. समोर ग्राहक डॉ. प्रियदर्शनी.)

तनया : पासवर्ड कुणी चोरला नाही, सर. तुम्हीच पाटीवर लावला होतात.

श्रीनिवास : पाटी कसली? साइट बंद पडली की दिसतं ते पान आहे. ‘सर्व माहिती खाली दिली आहे, फोन करू नये.’ म्हणजे लोक दुपारी झोपमोड करत नाहीत.

तनया : आणि खाली सर्व्हरची आवृत्ती, फोल्डरचा पत्ता, शेवटी पासवर्ड. तोही सगळ्या ग्राहकांना मिळून एकच. एकाची साइट पडली की सगळ्यांची दारं उघडी.

श्रीनिवास : वेगवेगळे लक्षात कोण ठेवणार?

प्रियदर्शनी : अहो, माझ्याकडे केस लावून घेतलेल्यांचे फोटो आहेत माझ्या साइटच्या फोल्डरमध्ये. आधीचे. नावासकट. काल एकाच्या होणाऱ्या सासऱ्यांनी पाहिला.

श्रीनिवास : ऐकलंस ना? बंद कर बरं ते पान.

तनया : मी तेच म्हणाले होते. तेव्हा अख्ख्या स्टाफसमोर तुम्ही काय म्हणालात?

श्रीनिवास : आठवत नाही.

तनया : मला पाठ आहे. ‘हिला नुसतं घाबरवता येतं, काम येत नाही.’ नव्या कंपनीनं चौकशीला फोन केला, त्यांनाही तेच ऐकवलंत. हातातली नोकरी गेली माझी.

श्रीनिवास : बरं, चुकलं असेल.

तनया : ‘असेल’ नको. स्पीकर लावा. स्टाफ जेवायला गेला असेल तर थांबते मी.

श्रीनिवास : तनया, इथे माणसांची अब्रू चव्हाट्यावर आली आहे!

तनया : हो. कसं वाटतं ते मला माहीत आहे.

प्रियदर्शनी : लावा हो स्पीकर! तुमचा ताठा सांभाळायला माझे पेशंट रिकामे नाहीत.

श्रीनिवास : ...जरा इकडे लक्ष द्या सगळ्यांनी. तनयाचं बरोबर होतं. ते पान मी हट्टानं ठेवलं. मला... मला त्यातलं कळत नव्हतं.

तनया : आणि त्या कंपनीला?

श्रीनिवास : आजच फोन करतो. आता तरी कर बंद.

तनया : ते सकाळीच केलं, तुमच्या पाटीवरच्याच पासवर्डनं आत जाऊन. पासवर्डही बदललाय.

श्रीनिवास : सकाळीच? मग मला एवढं ताटकळत का ठेवलंस?

तनया : तुम्हाला ठेवलं, सर. पेशंटांनी माझं काही बिघडवलं नव्हतं.