सावंताने वाजवलेली घंटा

देवाशपथ खरं सांगतो, डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे मी इथं कुवेतमध्येच होतो. पाहिलं ते आमच्या वेल्डर सावंताने. रिफायनरीतला इटालियन इंजिनिअर मार्को त्याला सुट्टीत आपल्या गावी घेऊन गेला. मार्कोचे वडील आजारी, त्यात त्यांचा सख्ख्या भावाशी कित्येक वर्षांचा अबोला. गावातल्या जुन्या चर्चच्या दाराशी दोर लोंबत होता. सावंताने देवळातल्या सवयीने तो ओढला.

मार्को ओरडला, "अवेळी घंटा म्हणजे कोणीतरी गेलं!"

"मगे आपण इलव ता देवाक कसा कळतला?" सावंत म्हणाला.

तोवर मार्कोचा काका रडत त्यांच्या घरी पोचलासुद्धा. भाऊ जिवंत बघून त्याने मिठीच मारली.

मिठी तेवढी माझ्या पदरची. खरं तर काका दारातूनच करवादला, "उगाच धावलो!"

भाऊ आतून म्हणाला, "आलायस तर कॉफी पिऊन जा."