सात वेढ्यांची नळी

(उत्तर विस्कॉन्सिन, जानेवारीतली सकाळ. सिग्नीच्या घराचं गॅरेज, आत हीटर चालू, नळीसाठी दार सताड उघडं. तिचे वडील आर्विड आणि ती रात्रभर पाणी भरून गोठवलेली वीस फुटी स्टीलची नळी अंगणातून आत आणताहेत.)

सिग्नी : बाबा, मी काहीतरी विचारलंय.

आर्विड : ऐकलं. टोक आपटू नकोस, आतला बर्फ तुटेल. हं, पिंपाच्या कडीत अडकव. अडकलं?

सिग्नी : अडकलं. आता बोला.

आर्विड : आता तू दांडा धरून पिंप फिरवायचंस, मी नळी दाबून धरतो. सावकाश, पण थांबायचं नाही. थांबलीस की तिथंच कोपरा पडतो.

सिग्नी : मी घरी केलेल्या बिअरच्या दोन बाटल्या कुठे गेल्या?

आर्विड : फिरव.

सिग्नी : तळघरात चोवीस भरून ठेवल्या होत्या. बावीस आहेत.

आर्विड : सिग्नी, बर्फ वीस मिनिटं टिकेल, फार तर पंचवीस. मोकळी नळी वाकवायला गेलो तर चेमटलीच म्हणून समज. डेअरीतली नोकरी सोडताना ही एकच आणली होती, दुसरी नाही माझ्याकडे. आधी वेढे घालू. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

सिग्नी : फिरवतेय. पण तोंड बंद ठेवणार नाही.

आर्विड : ते तुझ्या आईलाही कधी जमलं नाही. थोडं हळू. हं, असंच.

सिग्नी : पाणी घालताना त्यात साबण कशाला ओतलात?

आर्विड : नुसत्या पाण्याचा बर्फ तडकतो. साबणाचा असला की नळीबरोबर वाकतो. डेअरीत हिवाळ्यात आम्ही असंच करायचो, छत्तीस वर्षं. उन्हाळ्यात वाळू भरायचो, पण वाळू मागे राहते. पहिला वेढा झाला बघ. दुसरा त्याला चिकटून येऊ दे.

सिग्नी : मार्चमध्ये इथे राहायला आलात तेव्हा काय ठरलं होतं?

आर्विड : एक थेंब जरी घेतला तर बॅग भरायची.

सिग्नी : मग? गेल्या मंगळवारी तुमचा हात लागून कॉफीचा कप टेबलावर कलंडला. चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक हातातून पडलं. जेवण झालं की हात मांडीखाली दाबून बसता. मी आंधळी आहे का? असले हात बघत मी लहानाची मोठी झालेय, बाबा.

आर्विड : ठाऊक आहे.

सिग्नी : मी ब्रिटा आत्याला फोन केला. रविवारी ती फार्गोहून येतेय तुम्हाला न्यायला.

आर्विड : तेही ठाऊक आहे. तिने मला विचारलं, किती बॅगा आहेत.

सिग्नी : आणि तुम्ही काय म्हणालात?

आर्विड : एकच म्हटलं. दांडा ढिला सोडू नकोस! ऐकलास आवाज?

सिग्नी : फुटली?

आर्विड : बर्फ कुरकुरला. चालायचं. तीन झाले. फिरव.

सिग्नी : म्हणजे जायला तयारच बसलात. एका शब्दाने भांडलाही नाहीत. खोटा आरोप असता तर माणूस भांडला असता.

आर्विड : आरोप खोटाच आहे.

सिग्नी : मग बाटल्या?

आर्विड : ओटिसला दिल्या. शेजारच्या. मला दोनदा वॉसॉ शहरात घेऊन गेला, पेट्रोलचे पैसे घेईना. तुझी बिअर म्हटल्यावर लगेच घेतल्या. ती काळी बिअर, मक्याची फिकट नव्हे. चव कशी आहे ते मला विचारू नकोस, झाकण त्यानेच उघडलं.

सिग्नी : वॉसॉला काय होतं?

आर्विड : चार. चौथा जरा वर चढतोय, थांब... थांबू नकोस, हळू म्हणतोय मी.

सिग्नी : वॉसॉला काय होतं, बाबा?

आर्विड : मोठं हॉस्पिटल आहे तिथे.

सिग्नी : हॉस्पिटल? (दांडा सोडते.)

आर्विड : दांडा, सिग्नी. दांडा.

सिग्नी : फिरवतेय. तुमचे हात.

आर्विड : काय झालं हातांना?

सिग्नी : थरथरत नाहीयेत. एवढा जोर लावून नळी दाबलीय आणि ढिम्म आहेत. मघाशी दारात नुसते उभे होतात तेव्हा हातमोजे पडले हातातून.

आर्विड : कामात असले की थांबतात. रिकामे बसले की सुरू होतात.

सिग्नी : दारूत उलटं व्हायचं. चमचा उचलला रे उचलला की सूप टेबलक्लॉथवर. मांडीवर ठेवलेले असताना गप्प असायचे.

आर्विड : डॉक्टरीणही हेच म्हणाली. पाच झाले.

सिग्नी : कसलं आहे ते?

आर्विड : माझ्या वडिलांना होतं तेच. पार्किन्सन. नोव्हेंबरात सांगितलं तिने.

सिग्नी : नोव्हेंबर! दोन महिने मी तुमचा श्वास हुंगत फिरतेय. कचऱ्याचा डबा उपसला मी. आणि तुम्ही बघत बसलात?

आर्विड : मला वाटलं, दारूच समजलीस तर बरं.

सिग्नी : बरं?

आर्विड : दारू समजलीस तर रागावशील, हाकलून देशील आणि तुझी तू सुटशील. हे कळलं तर हाकलणार नाहीस. माझ्या आईने अकरा वर्षं बाबांच्या शर्टाची बटणं लावली. शेवटी तर त्यांना घासही भरवावा लागायचा. तुझ्या रागाची मला सवय आहे, सिग्नी. ते बटणं लावून घेणं मला जमणार नाही.

सिग्नी : ते तुम्ही ठरवायचं नाही.

आर्विड : मग कुणी?

सिग्नी : मला विचारायला हवं होतं! एकदा तरी विचारायचं होतंत. सारं आयुष्य तुम्ही एकट्यानेच ठरवलंत, प्यायचं कधी, सोडायचं कधी. आता हेही?

आर्विड : रडतेस ते रड, पण फिरवत राहा. सहा झालेत. बर्फ सुटायला लागलाय, नळी हाताला मऊ लागतेय.

सिग्नी : डोळ्यांना दिसत नाहीये मला.

आर्विड : बघायची गरज नाही. मी दाबलंय. तू नुसता दांडा फिरव. अजून अर्धा... अजून... बस्स.

सिग्नी : झाली?

आर्विड : सात. कुठे चेमटली नाही. बोट फिरवून बघ.

सिग्नी : नाही. एकसारखी आहे.

आर्विड : चल, काढू पिंपावरून. आता उन्हाची वाट न बघता आत नेऊन बर्फ वितळव. मग कढत पाणी सोड, दहा वेळा, बारा वेळा. बिअरसाठी उकळलेलं तुझं माल्टचं पाणी ह्याच्या आतून फिरून गार होणार. साबणाचा एक थेंब जरी मागे राहिला ना, बिअरवर फेस धरणार नाही.

सिग्नी : हात इकडे करा.

आर्विड : आता कामात नाहीत ते. नाचतील.

सिग्नी : नाचू देत. केवढे गारठलेत. आत्याला मी दुपारी फोन करते. तिला काय सांगू?

आर्विड : तू म्हणशील ते.

सिग्नी : नाही. तुम्हाला विचारतेय मी.

आर्विड : सांग, रस्त्यावर बर्फ फार आहे, येऊ नको म्हणावं.

सिग्नी : आणि बटणं?

आर्विड : बटणांचं बघू. अजून मला लावता येतात.

सिग्नी : बरं. बारा वेळा धुते नळी. पण तुम्हाला फेसाची एवढी काळजी कशाला? तुम्ही थोडेच पिणार आहात.

आर्विड : पिणार नाही. बघत बसेन.