राखड कोनाची

आमी पोवार. आमचे बापजादे माळव्याकडून आले मनतात, कवा आले, कायले आले ते मले मालूम नाई, माझ्या मायले बी मालूम नव्हतं, पन लग्नात बाया गानी मनतात त्याच्यात धारानगरीचं नाव येते, तेवढंच आमचं माळवा. मी जन्मलो गोरेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात, गावाचं नाव नका लिहू भाऊ, मले अजून तिथंच राहाचं हाये. घरी थोडी धानाची बांधी, बाप अबोल मानूस, समदं बोलनं मायच्या वाट्याले आलं होतं. माझं नाव भोजराज, भोजू मनतात. वावरातल्या पान्याच्या मोटरा जळतात ना, त्या मी भरतो, मनजे जळलेली तार काढून नवी गुंडाळतो, गोरेगावात दुकान हाये. पन तुमी मोटरीचं विचाराले नाई आले, बँडचं विचाराले आले. सांगतो. आजवर कोनी विचारलं नाई मनून कवा सांगतलं नाई.

तर आमच्या गावाच्या पलीकडे राईस मिल हाये. उकडा तांदूळ बनते तिथं, धान उकडाले कोंढा जाळतात अन् त्या कोंढ्याची राखड उडते. वारा आमच्याकडे फिरला की समदी गावावर. हंड्यात राखड, वाळत घातलेल्या लुगड्यावर राखड, लेकराच्या डोळ्यात राखड. माय सकाळी आंगन झाडे, सडा टाके, अन् ऊन वर आलं की आंगन पुन्हा काळं. मंग ती झाडू आपटे अन् आमच्या पोवारीत मने, राखड कोनकी, झाडू कोनको, मनजे राखड कोनाची अन् झाडनं कोनाचं. रोज मने. शिवी देल्यासारखं नाई, इचारल्यासारखं मने, जसं कोनी उत्तर देनार हाये. तिले दमा होता. डॉक्टर मने, बाई, धुळीपासून दूर राहा. माय मने, मंग तुमच्या घरी येऊ का राहाले?

आता पंकज. पंकज आमच्याच गावचा, त्याचा बाप एसटीत कंडक्टर, माय लहानपनीच गेली. बाप ड्युटीवर गेला की हा आमच्या घरी. माझ्याच ताटात जेवला, माझ्याच गोधडीत झोपला, माझ्या मायले काकी मने अन् माय त्याले माझ्याआधी वाढे, बिन मायचा हाये मनून. काय सांगू तुमाले, भाऊ नव्हता मले, तर हाच होता. हुशार होता. नागपूरले पॉलिटेक्निकले गेला, तिथं नापास झाला अन् वापस आला, संगं एक गिटार अन् एक सीडी. होस्टेलात मिझोरामकडचे पोट्टे होते, त्यायनं याले पंकचा, त्या आरडाओरडीच्या इंग्रजी गान्यायचा नाद लावला. मले सीडी ऐकवली. मले वाटलं सीडी खराब हाये. पंकज मने, नाई बे, हे असंच राहते, याले सूर नाई लागत, राग लागते. हे मले पटलं. सूर आपल्यापाशी नव्हता, राग गंज होता, पोतंभर.

मी ढोल वाजवनारा. गोंदियाची एक ऑर्केस्ट्रा पार्टी बंद पडली होती, तिचा ड्रमसेट भंगारात पडला होता, तो आनला. एका ढोलाचं कातडं फाटलेलं, त्याच्यावर मी मायच्या छातीचा जुना एक्सरे कापून चिकटवला, अन् तो ढोल असा झर्र करे की पंकज मने, हाच आपला आवाज हाये, बदलू नको. तिसरा सुकराम. सुकराम चिचगडकडचा, गोंड, देवरीले एका साऊंड सर्विसवाल्यापाशी काम करे. माइक, भोंगे, वायर, समदं त्याच्या हातचं. त्याच्या गिटारले दोनच तारा होत्या, त्या दोनच तो वाजवे. बोले बी तेवढंच.

पहिला कार्यक्रम दिवाळीनंतरच्या मंडईत, मंडई मनजे आमच्याकडची जत्रा. दोन हजार आठचं साल असन. गुराखी गोवाऱ्यायची मोरपिसं बांधलेली ढाल नाचत आली, पाळने फिरून राहिले, जिलेबीचा धूर, अन् मधात आमी. पंकजनं सुरू केलं ना, तर समदी मंडई चूप. तो ओरडून राहिला, आंग झटकून राहिला, अन् एक मातारा पुढे आला, मले हळूच इचारते, काऊन गा, याच्या आंगात कोन आलं? मी वाजवू का उत्तर देऊ? तोवर दोन बाया लिंबू घेऊन आल्या अन् पंकजच्या कपाळाले कुंकू लावलं. तो गाऊनच राहिला कुंकू लावून. लोकायनं टाळ्या वाजवल्या, पन देवाले वाजवल्या, आमाले नाई.

मंग देवरीले लग्न. पोरीच्या मामानं बँड सांगतला होता, त्याले वाटलं पितळी बाजेवाला, गेलो आमी. वरातीत चालत वाजवाचं, अन् ड्रमसेट कसा चालन? सुकरामनं हातठेला आनला, त्याच्यावर सेट, त्याच्यावर मी. उतारावर ठेला सुटला भाऊ. मी वाजवून राहिलो, मले वाटलं सुकराम जोरात ढकलून राहिला, मागं पाहतो तर सुकराम गंज दूर, अन् मी ठेल्यासकट बांधीत. नवरदेव हसून हसून घोडीवरून उतरला. पोरीचा मामा मात्र शिव्या देत आमच्या मागं बसस्टँडपर्यंत आला.

चिचगडच्या बाजारात जाऊन राहिलो होतो तर वाटेत जंगलात फौजवाल्यायनं अडवलं. त्या भागात गानं मननारी टोळी मनलं की त्यायले नक्षल्यायचाच डाउट येते. क्या गाते हो, किसके खिलाफ गाते हो. पंकजची हिंदी चांगली, तो समजावून राहिला, पन ते मने, बजाके दिखाओ. तर आमी तिथं सागाच्या झाडाखाली बिन लाइटीचं वाजवलं. संपलं. मंग त्यातला एक पोरगा, कुठल्या दूर मुलखातला असन, मने, फिर से बजाओ. तीनदा वाजवाले लावलं, बाजार उठून गेला, आमी तिथंच.

असं ते वर्ष. कुठं भोंगे फुटले, कुठं गोटे खाल्ले, एका शाळेच्या गॅदरिंगमंधी हेडमास्तरनं मधातच राष्ट्रगीत लावून देलं, समदे उभे राहिले, आमी बी उभे राहिलो, झाला कार्यक्रम. पन एवढं हसलो नाई मी पुन्हा कवा.

अन् एक गानं जमलं. आंगनात बसलो होतो, माय झाडून राहिली होती, तिनं झाडू आपटली अन् रोजचं बोलली. पंकजनं मान वर केली. मने, काकी, पुन्हा मना. माय मने, कायले रे, तुले का कमी ऐकू येते? पन मनलं तिनं. त्याच्यावरून गानं झालं. हंड्यात राखड, भातात राखड, आमच्या मायच्या श्वासात राखड, अन् मंग पंकज लोकायले इचारे, राखड कोनाची? अन् लोकायनं मनाचं, मालकाची! पहिल्यांदा आमच्याच गावात वाजवलं, नवरात्रात शारदेची मूर्ती बसली होती तवा, दुपारी. पोट्टेसोट्टे तर ओरडलेच, पन बाया, भाऊ, ज्या बाया तोंडावरचा पदर सोडून बोलत नाई त्या ओरडल्या. माय समोर बसली होती. ती ओरडली नाई, निस्ती पाहून राहिली आपलं बोलनं केवढं मोठं झालं ते. मंग गावोगाव तेच गानं मागत. पंक काय ते कोनाले मालूम नव्हतं, राखडवाले पोट्टे मनत आमाले.

गोंदियाले एका ठिकानी ते रेकॉर्ड केलं. रेकॉर्ड पंकजपाशी राहिली. त्याच्यापाशीच राहाले पाहिजे होती, गानारा तो होता.

त्याच हिवाळ्यात जिल्हा परिषदेची निवडनूक लागली अन् मिलचा मालक उभा राहिला. पंकज दिसेनासा झाला. फोन केला तर मने नागपूरले हाये, बापाचं पेन्शनचं काम हाये. प्रॅक्टिसले बोलावलं तर मने पुढच्या हप्त्यात. मले शक आला नाई. कायले येईन? आपल्या ताटात जेवलेल्या मानसाचा शक कोन घेते?

मी वावरात होतो, मळनीचं धान चुरनं चालू होतं. रस्त्यानं प्रचाराचा ऑटो आला, वर दोन भोंगे. लांबूनच ढोल ऐकू आला अन् माझे हात थांबले. झर्र. एक्सरेवाला ढोल. दुसऱ्या कोनाचा ढोल तसा वाजत नाई. मले आधी बरं वाटलं, खरं सांगतो, मले वाटलं आपलं गानं कोनीतरी लावलं. मंग ऑटो जवळ आला. दारात सडक, वावरात सडक, आमच्या मायच्या गावात सडक. सडक कोनाची? भाऊची! आवाज पंकजचा. माझाच ढोल, सुकरामच्याच दोन तारा, निस्ते बोल पुसून दुसरे भरले होते. भाऊ मनजे मिलचा मालक.

मी सायकल घेतली अन् गोरेगावले त्यायच्या प्रचाराच्या ऑफिसात गेलो. पंकज खुर्चीवर बसला होता, गळ्यात त्यायचा दुपट्टा, बाजूले नवी कोरी गिटार. मले पाहून उठला नाई. मी मनलं, काऊन केलं बे? तो मने, भोजू, गानं मनजे गानं असते, तू मनावर घेऊन राहिला. तो मानूस जिंकनारच हाये, आपन कोन अडवनारे? उलट तू बी ये, ढोलवाला पाहिजेच हाये. मी मनलं, ते बोल माझ्या मायचे होते. तर तो मले काय मने मालूम हाये? मने, तुझी माय तर वीस वर्स झाडता झाडता तेच बडबडली, कोनी ऐकलं का? चाल मी देल्ली तवा लोकायनं ऐकलं.

मले त्याले माराले पाहिजे होतं. हात उचललाच नाई. मी सायकल घेऊन घरी आलो.

त्याच्याहून वाईट पुढेच झालं. गावात लोक समजले, तिघायनं मिळून विकलं. ढोल तर भोजूचाच वाजून राहिला. चहाच्या टपरीवर गेलो तर लोक बोलनं बंद करत. हातपंपावर मायले बाया मनल्या, तुमचं बरं झालं बाई, आता तुमच्या आंगनात नाई पडनार राखड. माय हंडा घेऊन वापस आली. सुकरामचं बी तसंच. त्याच्या मालकानं त्याले त्याच प्रचाराचे भोंगे बांधाले सांगतले, सुकराम नाई मनला अन् कामावरून गेला. मले येऊन एवढंच बोलला, दादा, माझ्या तारा त्यानं मले न विचारता घेतल्या.

मंग मालकाची सभा आमच्याच गावात, शाळेच्या पटांगनात. मी जानार नव्हतो, माय मने, मले जाचं हाये, तू चल. पहिल्या रांगेत मालक, मागं पंकज माइक अन् गिटार घेऊन. गानं सुरू झालं. सडक कोनाची, त्यानं इचारलं, अन् लोक भाऊची मनतीन तोवर माझी माय उभी राहिली. तिले दमा, आवाज किती असन, पन समद्यायनं ऐकला. ती मने, राखड कोनाची?

मी पाहून राहिलो बायांकडे. ज्या शारदेत ओरडल्या होत्या त्याच बाया, त्याच जागी बसलेल्या. एकीनं पदर तोंडाले लावला, एक आपल्या पोराचं बटन लावाले लागली. कोनाचा नवरा मिलीत हमाल, कोनाचा पोरगा तिथंच लागनार होता. मी ओरडलो, मालकाची, मी एकटाच. मायनं पंकजकडे पाहिलं. त्यानं खाली पाहून तार पिळली, जसा काही सूर उतरला होता, अन् पुढचं कडवं सुरू केलं.

घरी जाताना मी बायांवर चिडलो तर माय मने, त्यायले नको बोलू, त्यायले पोटं हायेत. मी मनलं, अन् पंकज? ती दम घ्याले रस्त्यात थांबली. मंग मने, त्याले मी पोटभर वाढलं होतं रे.

मालक जिंकला. पंकज नागपूरले गेला, तिथं त्याचा आता स्टुडिओ हाये मनतात, जाहिरातीची गानी बनवते. सुकराम मोहफुलाच्या, लाखेच्या धंद्यात लागला, त्याचं लग्न झालं, पोरीचं नाव त्यानं माझ्या मायचं ठेवलं. मोटरीचं काम मी शिकलो. ड्रमसेट मी एका बँडवाल्याले देऊन टाकला. लोक हळूहळू बोलाले लागले माझ्याशी, कोनाची मोटर जळली की बोलावंच लागते. माय तीन वर्सांनी गेली, पावसाळ्यात, दम्यानं. अर्धं गाव आलं होतं. हातपंपावरच्या बाया आल्या होत्या, रडल्या बी, खोट्या नाई रडल्या. मी त्यायले दोष देत नाई.

अन् आता मागल्या महिन्यातली गोष्ट. दुकानात होतो, अनोळखी नंबरावरून फोन आला. पंकज. काय बे भोजू, जसा कालच उठून गेला होता. मने, पुन्याच्या एका कार्यक्रमात गावाकडचं पंक पाहिजे हाये, लोकायले असं अस्सल आवडते आता. आपलं राखडवालं गानं करू, खरे बोल, जुनेच. तो बोलूनच राहिला. मने, अन् एक आयडिया हाये, सुरुवातीले काकीचा आवाज घेऊ, ती मने ना पोवारीत, ते. मी येतो मशीन घेऊन, एक दिवस लागन. कशी हाये काकी?

त्याले मालूमच नव्हतं, भाऊ. इतक्या वर्सात कोनाले इचारलं नव्हतं त्यानं.

समोर एक शेतकरी उभा होता, त्याची मोटर माझ्या हातात उघडी. सांगाले पाहिजे होतं मी, गेली मनून. जिभेवर आलं. पन मंग मले वाटलं, हे बी तो गान्यात घालीन. मी मनलं, बरी हाये. पन आता बोलत नाई ती कोनाशी. ठेवला फोन.

त्याचं वाईट होवो असं मी मनत नाई. खावो, कमावो, त्याले लेकरं असतीन, ती सुखात राहोत. फक्त माझ्या घरी येऊ नये. तुमी चहा घ्या भाऊ, थंडा होऊन राहिला.