झाकलेलं नाव

(घरामागची रंगकामाची शेड. पेंटर बाबा ब्रश धुताहेत. शाळेची बस मागच्या गल्लीत लावून मुलगी तरातरा आत आली आहे.)

मुलगी: हसू नका बाबा. निवडणूक कचेरीनं तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं?

बाबा: मतदान होईपर्यंत नगरसेवकसाहेबांचं नाव दिसेल तिथं रंगानं झाकायचं. चाळीस बाकं, अकरा नळ, दोन बसथांबे, एक पाटी. झाकलं की.

मुलगी: याला झाकणं म्हणतात? एकेका अक्षरावरून ब्रश फिरवलात. आधी नाव पिवळं होतं, आता पांढरंशुभ्र झालंय. माझ्या बसमधली पोरं मोठ्यानं वाचतायत.

बाबा: काय करू गं. तीस वर्षं अक्षरं काढली. वेलांटी आली की हात आपोआप वळतो. अक्षरावर रंग फासायचा कसा, हे या हाताला कुणी शिकवलंच नाही.

मुलगी: आणि साहेबांच्या विरोधात उभं कोण आहे? तुमची सख्खी मुलगी. लोक म्हणतायत, पेंटर आतून त्यांना सामील आहे.

बाबा: मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड नाही.

मुलगी: त्यांना आधीच काय कमी आहे? पंधरा वर्षं खुर्चीत. बसायला बाक, त्यावर नाव. पाणी प्यायला नळ, त्यावर नाव. कुणाकडे मूल झालं की अभिनंदनाचं पत्र, कुणी गेलं की सांत्वनाचं, तेही सरकारी तिकिटावर. मी दारात उभी राहिले की आजीबाई विचारतात, 'तू कुठल्या घरची?' त्यांना हे कुणी विचारत नाही.

बाबा: तुलाही ओळखतात की. बसवाली ताई म्हणून.

मुलगी: शाळेपुढचा गतिरोधक आठवतोय? सतरा अर्ज मी केले. तीनदा रजा टाकून कचेरीत ठाण मांडलं. काम झालं आणि पाटी लागली, 'नगरसेवकांच्या प्रयत्नांतून', खाली साहेबांचं नाव. अक्षर कुणाचं होतं?

बाबा: माझं.

मुलगी: तेव्हा मी काही बोलले नाही.

बाबा: बोलली नाहीस, म्हणून मीही गप्प बसलो. पण 'प्रयत्न' लिहिताना हात अडखळला. त्यातला 'त्न' वाकडा गेलाय. या हातून वाकडं गेलेलं तेवढं एकच अक्षर. येताजाता दिसतं मला.

मुलगी: मला कधी सांगितलं नाहीत.

बाबा: काय सांगणार? माझी पोर भांडून काम करून घेते आणि मी खाली दुसऱ्याचं नाव लिहून येतो, हे? अभिमानानं छाती फुगायची आणि लाजेनं मान खाली जायची, दोन्ही एकदमच.

मुलगी: बाबा...

बाबा: तो रोलर दे इकडे. भिंतीचा, मोठा.

मुलगी: सगळं सपाट होईल त्यानं. तुमचं पंधरा वर्षांचं काम आहे ते.

बाबा: हुकूम झाकायचा आहे, तर नीट झाकतो. रोलरला वेलांटी कळत नाही, तेच बरं. गतिरोधकाच्या पाटीपासून सुरुवात करू.

मुलगी: एवढं करून मी पडले तर?

बाबा: पडलीस तर पडलीस. मागच्या दोन्ही वेळा ते बिनविरोध आले. भल्याभल्यांनी अर्ज नेले आणि घरी ठेवून दिले. भरला कुणी? पेंटरच्या पोरीनं. कचेरीतला शिपाईसुद्धा परवा मला खुर्ची द्यायला उठला.

मुलगी: चला, मीही येते. डबा मी धरते. आणि उद्या जमलं तर घराच्या पुढच्या भिंतीवर माझं नाव लिहा. अख्ख्या वॉर्डात माझ्या वाट्याला तेवढी एकच भिंत आहे.

बाबा: सकाळीच लिहिलं. तू मागच्या गल्लीनं आलीस, दिसणार कुठून.

मुलगी: केवढं लिहिलंत?

बाबा: शिडी पुरली नाही.