मोडीत जाणाऱ्या कॅरॅव्हॅनचं पाणी

नाही, नाही, कळतंय मला, पॅरी — मोडीत काढायच्या कॅरॅव्हॅनचं पाणी कोण काढत बसतं, असंच म्हणताय ना? बरोबर आहे तुमचं. उद्या तुमच्या भंगारखान्यात या चाकांवरच्या घराचा पत्रा एकीकडे आणि लाकूड एकीकडे होणार, मग थंडीनं पाणी गोठून नळ्या फुटल्या काय आणि न फुटल्या काय. पण मला हे पुरं करू द्या. आणि तुमची लॉरी तेवढी त्या झुडपांच्या आड राहू दे — खालून दिसत तर नाही ना? ती निळी गाडी आमची, समुद्राकडे तोंड करून लावलेली. तिच्यात माझी बायको बसलीय, मेन्ना. तिला वाटतंय, मी दरवर्षीसारखं हिवाळ्याआधी पाणी काढतोय. म्हणजे काढतोयच की मी — ते काही खोटं नाही. नाही ना?

जरा सरका, हा तळातला नळ उघडतो. ऐकलंत? कसं भडाभडा जातंय. खरं तर हे तिचं काम. उन्हाळ्याचा हंगाम संपला की ती या कॅरॅव्हॅनखाली पालथी पडायची आणि मी वरून ‘उघडला’, ‘बंद केला’ असं ओरडायचो. तेही चुकायचं. एकदा गरम-थंडाच्या नळाचा दांडा मी थंडाकडेच ठेवून दिला — तो मधोमध ठेवायचा असतो, म्हणजे दोन्ही नळ्या मोकळ्या होतात — आणि वसंतात येऊन बघतो तर बंबाचं पोट फाटलेलं. मेन्ना म्हणाली, “रोमन लोकांच्या जलसेतूंवर एवढं जाडजूड पुस्तक लिहिलंस, आणि एक दांडा मध्ये ठेवता येईना तुला?” हसत म्हणाली हो. मग कॅरॅव्हॅनांच्या या सगळ्या पार्कात सांगत फिरली.

आता तिला वाकता येत नाही. खुब्याचं दुखणं. म्हणून गाडीत बसून हुकूम सोडते, आणि घरी पोचलो की उलटतपासणी घेणार — शॉवरची नळी खाली सोडलीस? संडासाची टाकी ओढलीस? मोरीतलं पाणी गोठू नये म्हणून मीठ घातलंस? तिला फसवणं शक्यच नाही. म्हणजे — हं. तेच तर करतोय मी. पण म्हणूनच सगळं नीट करतोय बघा, म्हणजे ती विचारेल त्याचं खरं उत्तर देता येईल. पाणी काढलंस? काढलं. मार्चमध्ये यायचं ना? — हे मात्र ती विचारत नाही. विचारायची गरजच वाटत नाही तिला.

मोडीत का काढताय म्हणता? नियमच आहे हो तसा. ठराविक वयापुढची कॅरॅव्हॅन पार्कात ठेवत नाहीत, नवी आणा नाहीतर जागा सोडा, सगळ्या किनाऱ्यावर हेच. पाहिजे तर व्यवस्थापकाला विचारा, इवॉरला — नाही, त्याला नको. बोललात त्याच्याशी? काय म्हणाला?... बरं. सांगितलं तर त्यानं. हो, म्हणाला होता खरा, “डॉक्टर, तुमची कॅरॅव्हॅन ठणठणीत आहे, अजून दोन वर्षं मी डोळेझाक करतो, मेन्नासाठी.” आणि मीच म्हणालो — नको, घेऊन जा. फोन ठेवला. आणि सुटल्यासारखं वाटलं. हे बोलायचं नव्हतं मला. विसरा ते.

ऑगस्टमध्ये ती या पायरीवरून घसरली, पावसात. मला उचलता येईना. काखेत हात घालून ओढलं, पुन्हा ओढलं — आणि ती हसत होती, “माझ्याकडे काय बघतोस, समुद्राकडे बघ, भरती बघ कशी चढतेय.” मी तिच्या शेजारी ओल्या गवतात बसून राहिलो. पलीकडचे लोक दुकानातून परत आले तेव्हा कुठं ती उठली. म्हणून, पॅरी. मला भीती वाटते, दुसरं काही नाही. — नाही, तसंही नाही. दुसरंही आहे. मला ही जागा कधी आवडलीच नाही. तो वारा, त्या ओलसर गाद्या, शेजाऱ्याची खोकल्याची उबळसुद्धा भिंतीतून ऐकू येणार. इतके उन्हाळे आवडल्याचं सोंग केलं, आणि आता तिच्या पडण्याचं निमित्त सापडलं — की खरंच काळजी आहे? मला सांगता येत नाही. आयुष्यभर पुराव्यावरून निष्कर्ष काढले, आणि स्वतःचा एक काढता येत नाही. तिला विचारायला हवं होतं, एवढं कळतं. पण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि मग ऐकावं लागलं असतं.

तुम्ही सांगता का तिला? आत्ताच. परक्या माणसावर कुणी तितकं चिडत नाही. म्हणावं, खालची चौकट गंजलीय, रस्त्यावर — नको, नको. असे बघू नका माझ्याकडे. विचारून पाहिलं फक्त.

थांबा, हा पंप धरा. गादीत हवा भरायचा आहे, पण यानं नळीतलं उरलेलं पाणी — गाडीचं दार वाजलं का? बघा ना जरा खिडकीतून. अरे देवा. निघाली ती. काठी टेकत, एवढा चढ, आणि हातात थर्मास. पॅरी, ऐका, मी तिला सांगितलंय की तुम्ही गॅसच्या टाक्या न्यायला आलात. तेवढं धरून चाला, एवढी मेहरबानी करा. पिशवीत कप आहेत बघा तिच्या. तीन. तुमच्यासाठीही आणलाय तिनं.

मेन्ना, तिथंच थांब, मी आलो! कठडा धर. हां. हळू. ये, आत ये... साखर? त्यांच्या साखरेचं राहू दे आत्ता. बस. नाही, आधी बस इथं. — हे गॅसवाले नाहीत, मेन्ना.

पॅरी, जरा बाहेर जाता? कप न्या तुमचा. आणि दार ओढून घ्या.