दाढेची चुगली

दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं.

"दाढ दुखायची थांबली गं. चल, घरी जाऊ."

"काल फोनवर कुणाला झापत होतास?"

"एका गाढवाला! सर्व्हरची मेमरी चुकली, की फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच भरलेला प्रोग्राम, कर्नेलकडे चुगली करतं. कर्नेल म्हणजे मशीनचा कारभारी. या पठ्ठ्याने चुगल्याच बंद केल्या."

"का?"

"म्हणे, चुका आपोआप दुरुस्त होतात."

"होतात ना?"

"तरी मोजायच्या असतात! मेमरीत एकाच जागी सारख्या व्हायला लागल्या, की एक दिवस मशीनच झोपतं."

"आणि तू सहा महिने गोळ्या खाऊन दाढेचं तोंड दाबलंस, ते?"

"ते वेगळं."

"बरं, सारख्या चुकणाऱ्या जागेचं कर्नेल काय करतो?"

"वापरातून काढून टाकतो."

"पुढचे पेशंट!" आतून डॉक्टरांनी पुकारलं.

"ऊठ. कर्नेलने हाक मारली."